सोन्याच्या वाटेचा खर्च

दसऱ्याच्या संध्याकाळी आपण सीमोल्लंघन करतो, आपट्याची पाने घेऊन परततो आणि वडीलधाऱ्यांच्या हाती ती ठेवून नमस्कार करतो. तेलंगणात हाच मान जम्मीला, म्हणजे शमीला आहे. त्यामुळे तारनाक्यासारख्या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत दोन्ही पाने एकाच तबकात पडतात. सोने सीमेपलीकडून आणावयाचे असते, हे या रीतीने आपल्याला लहानपणीच शिकविले. सीमेपर्यंतची वाट कोणी बांधली, हे मात्र आपण कधी विचारले नाही. खऱ्या सोन्याच्या बाबतीत हा प्रश्न टाळता येत नाही. दुर्गम प्रदेशात खनिज सापडले, तर तेथवरचा रस्ता कोणाच्या पैशाने व्हावा? आणि झालेला रस्ता कोणाचा?

उदाहरणासाठी फार दूर जावयास नको. जुन्या हैदराबाद संस्थानच्या रायचूर जिल्ह्यात, कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्यामधील दुआबात, हट्टीची सोन्याची खाण आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीही तेथे माणूस खोल उतरला होता, असे जुन्या विवरांत सापडलेल्या लाकडांवरून अभ्यासकांनी ठरविले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी भांडवलावर ती खाण काही वर्षे चालली आणि बंद पडली. पुढे १९४७ साली हैदराबाद गोल्ड माइन्स ही कंपनी स्थापन झाली. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत रायचूर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्याच्याबरोबर खाणही गेली. आज कर्नाटक सरकारच्या मालकीची हट्टी गोल्ड माइन्स ही कंपनी ती चालविते.

माझे आजोबा संस्थानच्या तामिरात खात्यात ओव्हरसियर होते. रायचूरकडच्या सडका त्यांनी पायी मोजल्या होत्या. ते म्हणत, सडक किती मैल झाली हे विचारू नये, तिला मोऱ्या किती घातल्या ते विचारावे. ज्याला उद्याही त्या वाटेने जावयाचे असते तो मोऱ्या घालतो. ज्याला एकदाच माल न्यावयाचा असतो, तो खडी पसरून मोकळा होतो. लहानपणी ही मला बांधकामाची गोष्ट वाटे. आता ती नीतीची वाटते.

सोन्याच्या रस्त्याचा एक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. एक टन दगड फोडून दळावा, तेव्हा हाती काही ग्रॅम सोने लागते. हट्टीचे वर्षभराचे उत्पादन अलीकडे दीड टनाच्या आसपास असते. म्हणजे एका मालमोटारीतही मावेल इतके. तेव्हा सोने बाहेर नेण्यासाठी रस्ता लागतच नाही. रस्ता लागतो तो आत नेण्यासाठी: यंत्रे, इमारती लाकूड, सायनाइड, इंधन, धान्य आणि माणसे. खाण सुरू असेपर्यंत सारे जग त्या वाटेने आत येते. खाण मिटली की आत येण्याचे कारण उरत नाही. आत आलेली माणसे आणि सायनाइडच्या गाळाचे ढीग मात्र उरतात.

राज्याने असे रस्ते बांधावेत, या बाजूने बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे हलके नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात वणिक्पथांची तुलना करताना दक्षिणापथाला झुकते माप दिले, कारण हिरे, मोती व सोने दक्षिणेत विपुल. आणि दक्षिणेच्या वाटांतही ज्या वाटेवर खाणी अधिक, ती त्याने श्रेयस्कर मानली. कोश भरला तर राज्य चालेल, हा त्यामागचा विचार. याची दुसरी बाजू कोलारला दिसते. तेथील सुवर्णक्षेत्रासाठी १८९४ मध्ये बोरिंगपेठेहून, म्हणजे आजच्या बंगारपेटहून, मारिकुप्पमपर्यंत लोहमार्ग आला. १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून वीज आली. २८ फेब्रुवारी २००१ रोजी कोलारची खाण बंद झाली. लोहमार्ग राहिला, आणि खाणकामगारांची मुले त्याच गाडीने बंगळूरला नोकरीसाठी जाऊ लागली. सोन्यासाठी आलेली वाट सोने संपल्यावर माणसांच्या उपयोगी पडली. वाटेचे आयुष्य खाणीहून मोठे असू शकते, हा धडा येथे मिळतो.

परंतु एवढ्यावरून तिजोरी उघडावी काय? आपल्याच शहराने याचे उत्तर शोधण्याचा एकदा प्रयत्न केला होता. १८८३ मध्ये हैदराबादहून चांद्याच्या दिशेने रेल्वे नेण्याची योजना लंडनच्या भांडवलदारांशी ठरत होती. गुंतविलेल्या पैशावरील व्याजाची हमी संस्थानच्या तिजोरीने द्यावयाची होती. अघोरनाथ चट्टोपाध्याय आणि मुल्ला अब्दुल कय्यूम यांच्यासारख्या मंडळींनी कराराच्या अटी लोकांपुढे मांडा, अशी मागणी केली. रेल्वे नको, असे ते म्हणत नव्हते. तिचा हिशेब दाखवा, असे म्हणत होते. अघोरनाथांना हद्दपारी पत्करावी लागली. पुढे काही वर्षांतच संस्थानातील खनिजांचे हक्क लंडनमधील एका कंपनीकडे गेले आणि त्या व्यवहारातील समभागांच्या विक्रीवरून इतका गवगवा झाला की, १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटला चौकशी समिती नेमावी लागली. चांद्याकडचा काझीपेट–बल्लारशाह हा दुवा पुरा होण्यास मात्र १९२९ साल उजाडले. धोका रयतेचा आणि नफा दूरच्या भागधारकाचा, अशी वाटणी जेथे होते, तेथे हिशेब मागणारा माणूस अडचणीचा ठरतो.

ॲडम स्मिथने याबाबत एक साधा दंडक घालून दिला होता. वाहनाच्या वजनाप्रमाणे पथकर घ्यावा. म्हणजे रस्ता जो जितका झिजवील, तितके तो देईल. विसाव्या शतकातील अभियंत्यांनी या झिजेचे गणितही मांडले. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीवरून असे दिसले की, आसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानी स्थूलमानाने सोळापट होते. शेतकऱ्याची सायकल आणि भरलेली मालमोटार दोघेही ‘रस्ता वापरतात’ हे वाक्य व्याकरणाने खरे असले, तरी न्यायाने खोटे आहे.

चांद्याच्या त्याच मुलखात, १९८२ मध्ये वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात, हा प्रश्न आज जिवंत आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरात सोने नव्हे, लोखंड आहे. येथे सोन्याच्या उलट स्थिती असते. दगडच माल असल्याने तो सारा बाहेर न्यावा लागतो. मालमोटारींच्या रांगांनी रस्त्यांची चाळण झाल्याच्या तक्रारी तेथे वर्षानुवर्षे होत आल्या. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी सत्तरहून अधिक वाहने जाळली. हिंसेने प्रश्न सुटला नाही, उलट रस्ता म्हणजे एका पक्षाचे निशाण, असा समज दृढ झाला. त्यात बाळंतीण, शाळकरी पोर आणि तेंदूपाने विकणारा गोंड-माडिया माणूस मागे पडला.

कायद्याने या बाबतीत थोडा विवेक दाखविला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात गावाच्या सोयीच्या रस्त्यासाठी ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची वेगळी तरतूद आहे. खाणीच्या रस्त्याला ती सवलत नाही. एकाच डांबराच्या दोन पट्ट्यांत कायदा हेतूवरून भेद करतो. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानांत स्वामित्वधनाचा काही हिस्सा खाणग्रस्त लोकांसाठी जमा होतो. त्याच वर्षीच्या नियमांनी किमान ६० टक्के खर्च पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांवर ठेवून रस्त्यांना उरलेल्या भागात बसविले. यातील मर्म असे की, ज्या गावाची जमीन हादरली त्याच्या पैशातून हादरविणाऱ्याचा रस्ता दुरुस्त होऊ नये.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो मला स्वतःलाही छळतो. खाण नसती तर त्या रानात रस्ता आलाच असता काय? २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेनेसुद्धा आदिवासी भागात २५० लोकवस्तीची अट घातली. त्याहून लहान पाडे वाटच पाहत राहिले. मग खाणीच्या निमित्ताने का होईना, रस्ता आला तर त्याला नाव का ठेवावे? शहरात बसून रानाच्या निवांतपणाचे गोडवे गाणे सोपे असते. साप चावलेल्या मुलाला खाटेवर घालून नेणाऱ्याला तो निवांतपणा परवडत नाही. हे मी नाकारीत नाही. माझे म्हणणे इतकेच की, निमित्त खाणीचे असले तरी मोजमाप माणसाचे असावे. खाणवाल्याने आपल्या ओझ्याचा पुरता खर्च द्यावा, पुढील डागडुजीची रक्कम खाण चालू असतानाच बाजूला ठेवावी आणि करार लोकांच्या भाषेत लोकांपुढे वाचावा. सरकारी पैसा घालावयाचा असेल, तर तो त्या रस्त्याच्या अशा भागावर घालावा, जो खाण नसतानाही बांधावा लागला असता: दवाखान्यापर्यंतचा, शाळेपर्यंतचा, बाजारापर्यंतचा.

हे लिहिताना मी तटस्थ नाही, याची जाणीव आहे. आपली घराणी या शहरात आली ती कोणीतरी बांधलेल्या वाटांनी. कोणी कचेरीत, कोणी शाळेत, कोणी तामिरातीत रुजू झाले. आजोबांच्या पगारात रायचूरच्या शेतकऱ्याचा सारा होता. त्या सडकांवर खडी फोडणाऱ्यांची नावे आमच्या घरी कोणालाच ठाऊक नाहीत. ओव्हरसियरांचे नाव मात्र भिंतीवरच्या तसबिरीखाली आहे. दुसऱ्याच्या श्रमाने झालेल्या वाटेवरून जो पुढे गेला, त्याच्यावर मागे वळून हिशेब विचारण्याची जबाबदारी अधिक येते. कारण हिशेब विचारल्याने त्याला हद्दपारीची भीती आता उरलेली नाही.

यंदा दसऱ्याला नातवंडे आपट्याचे पान हाती ठेवतील, तेव्हा त्यांना आजोबांच्या मोऱ्यांची गोष्ट सांगावी असे मनात आहे. पाऊस येणार हे धरूनच सडक बांधावी लागते, आणि सोने संपणार हे धरूनच सोन्याकडची वाट.