चिन्ह, अनुमान आणि पाऊस : भेंडवळच्या घटमांडणीचा विचार

वसंत ऋतू सरत असताना, म्हणजे वैशाखाच्या उन्हात, पुढच्या चार महिन्यांच्या पावसाविषयी काही जाणता येते काय, हा प्रश्न कोरडवाहू शेतीच्या मुलखात जितका पोटापाण्याचा आहे तितकाच तो ज्ञानमीमांसेचाही आहे. ज्ञानमीमांसा म्हणजे जे कळले असे वाटते ते खरोखर कळले आहे काय, आणि कळले असल्यास कोणत्या आधारावर, याची चिकित्सा. बुलढाणा जिल्ह्यात या प्रश्नाला दरवर्षी अक्षय तृतीयेला दृश्य रूप मिळते. जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगा आणि या दोहोंच्या मधून वाहणाऱ्या पूर्णेचे काळ्या, भारी जमिनीचे खोरे, अशी येथील भूरचना आहे. या खोऱ्याचा मोठा भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. भूजल आणि जमीन क्षारयुक्त असल्यामुळे विहिरीचे पाणी पिकाला निर्धास्तपणे देता येत नाही, आणि म्हणून पायाखाली पाणी असूनही शेतकऱ्याची नजर आभाळाकडेच राहते. याच खोऱ्यातील जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ हे गाव आहे, आणि तेथील घटमांडणीचे भाकीत ऐकण्यासाठी विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्यातून शेतकरी जमतात.

ही परंपरा चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केली असे मानले जाते आणि ती सुमारे साडेतीनशे वर्षांची असल्याचे सांगितले जाते. अलीकडच्या काळात वाघ घराण्यातीलच पुंजाजी महाराज आणि सारंगधर महाराज यांनी ती चालवली आहे. अक्षय तृतीयेच्या सायंकाळी गावाबाहेरील शेतात वर्तुळाकार घट आखून त्याच्या कडेने गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस, करडई, बाजरी, मसूर, सरकी, अंबाडी, भादली अशी अठरा प्रकारची धान्ये मांडली जातात. मध्यभागी खड्डा करून त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची प्रतीके म्हणून मातीची चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, आणि घागरीवर पापड, कुरडई, सांडोई, करंजी, वडा असे पदार्थ ठेवले जातात. पान आणि सुपारी राजा व त्याच्या गादीसाठी, करंजी तिजोरीसाठी, मसूर परकीय शत्रूसाठी, भादली रोगराईसाठी, असे संकेत ठरलेले आहेत. रात्री त्या शेतात कोणी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या सुमारास मांडणीत काय बदलले, कोणते ढेकूळ किती भिजले, कोणते दाणे जागचे हलले, हे पाहून पाऊस, पिके, भाव आणि राज्यकारभार यांविषयीचे भाकीत जाहीर केले जाते.

हा विधी एकाकी नाही. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील ‘बृहत्संहिता’ या ग्रंथात पर्जन्यविचाराला अनेक अध्याय दिलेले आहेत. त्यांतील आषाढीयोगाच्या प्रकरणात आषाढ पौर्णिमेला निरनिराळी बीजे सारख्या वजनाची तोलून रात्रभर ठेवावीत, आणि दुसऱ्या दिवशी ज्या बीजाचे वजन वाढलेले आढळेल त्या पिकाची भरभराट होईल असे समजावे, असा विधी सांगितला आहे. रात्र, धान्य आणि सकाळची पाहणी हे तिन्ही घटक भेंडवळच्या मांडणीतही आहेत. यावरून एकातून दुसरे निघाले असे सिद्ध होत नाही. मात्र धान्याकडूनच धान्याचे भवितव्य विचारण्याची रीत या उपखंडात जुनी आहे, एवढे निश्चित म्हणता येते. वराहमिहिराने त्याच ग्रंथात मेघांच्या गर्भधारणेचा सिद्धांतही मांडला आहे, ज्यानुसार हिवाळ्यातील विशिष्ट वातावरणलक्षणांपासून 195 दिवसांनी पाऊस प्रसवतो. हा सिद्धांत आज टिकत नसला तरी त्याची जात वेगळी आहे, कारण त्यात आभाळाचे लक्षण आभाळाशी जोडलेले असून दोहोंतील कालावधीही सांगितलेला आहे, त्यामुळे तो चुकला तर चुकला असे दाखवता येते. एकाच ग्रंथात एकमेकांशेजारी बसलेल्या या दोन पद्धतींतला भेद महत्त्वाचा आहे.

तो भेद नेमका कोणता, याचे उत्तर न्यायदर्शनाने दिलेले आहे, आणि योगायोग असा की न्यायाची आवडती उदाहरणे पावसाचीच आहेत. अनुमान म्हणजे दिसणाऱ्या चिन्हावरून न दिसणाऱ्या गोष्टीचे ज्ञान. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार दाटून आलेल्या मेघांवरून येणाऱ्या पावसाचे ज्ञान होणे हे पूर्ववत्, म्हणजे कारणावरून कार्याचे, अनुमान होय; आणि नदीला आलेल्या पुरावरून वरच्या अंगाला पाऊस झाल्याचे ज्ञान होणे हे शेषवत्, म्हणजे कार्यावरून कारणाचे, अनुमान होय. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचा आक्षेप, असा येतो की नदी बांध घातल्यामुळेही फुगते, मुंग्या वारुळाला धक्का लागल्यामुळेही अंडी घेऊन निघतात आणि मोराचा आवाज माणूसही काढू शकतो, तेव्हा या चिन्हांवरून पावसाचे अनुमान करणे अप्रमाण ठरते. उत्तर असे दिले जाते की दोष अनुमानाचा नसून चिन्ह अर्धवट पाहणाऱ्याचा आहे. गढूळ, वेगवान, फेसाळ, पाने आणि लाकडे वाहून आणणारा पूर हा बांधाने तुंबलेल्या पाण्याहून निराळा ओळखता येतो. चिन्ह आणि चिन्हित यांच्यातील अव्यभिचारी, म्हणजे कधीही न मोडणाऱ्या, साहचर्याला उत्तरकालीन नैयायिक व्याप्ती म्हणतात, आणि व्याप्ती नसेल तर अनुमान नाही, असा त्यांचा दंडक आहे.

या दंडकावर घटमांडणी तपासली तर काय हाती लागते? ढेकूळ भिजते ते घागरीतून झिरपणाऱ्या पाण्याने, आणि कोणते ढेकूळ किती भिजेल हे त्याच्या मातीवर, घागरीच्या बैठकीवर व पाझरावर अवलंबून असते. दाणे विखुरतात ते वारा, मुंग्या किंवा उंदरांमुळे. ही सर्व कारणे त्या एका रात्रीची आणि त्या एका शेताची आहेत, आणि त्यांचा जुलैत अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांशी कार्यकारणसंबंध दाखवता येत नाही. कार्यकारणभाव बाजूला ठेवून केवळ साहचर्यावर व्याप्ती उभी करायची म्हटले, तर वर्षानुवर्षांची भाकिते शब्दशः नोंदवून ती तालुक्याच्या पर्जन्यमापकाशी पडताळावी लागतील, आणि त्याआधी ‘साधारण’, ‘कुठे कमी कुठे जास्त’ अशा शब्दांऐवजी मोजता येतील असे शब्द वापरावे लागतील. कोणत्याही पावसाळ्याला लागू पडणारे विधान खोटे ठरत नाही, पण त्यामुळे ते ज्ञानही ठरत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीचा आक्षेप मुळात हाच आहे, आणि तो पाश्चात्त्य विद्येकडून उसना घेतला आहे असे म्हणणाऱ्यांनी न्यायसूत्रे पुन्हा वाचावीत.

परंपरेच्या बाजूने एक बचाव शक्य आहे, आणि तो हलक्यावारी टाकून देण्याजोगा नाही. पुत्रप्राप्तीसाठी केलेली इष्टी निष्फळ ठरलेली दिसते, म्हणून वेद अप्रमाण, या आक्षेपावर न्यायसूत्रकार म्हणतात की कर्म, कर्ता किंवा साधन यांत वैगुण्य राहिले तर फळ मिळत नाही. पावसासाठी सांगितलेल्या कारीरी इष्टीबाबतही पुढच्या ग्रंथकारांनी असाच विचार केला. परंतु येथे एक सूक्ष्म फरक आहे. इष्टी पाऊस घडवू पाहते. घटमांडणी पाऊस घडवत नाही, ती तो केवळ जाणू पाहते. घडवणारे कर्म वैगुण्यामुळे फसू शकते, आणि तरीही कर्म म्हणून त्याचा काही अर्थ उरतो; परंतु जे चिन्ह चुकते ते चिन्हच नव्हते असे म्हणावे लागते. वैगुण्याची सबब भाकिताला वाचवू शकत नाही.

तरीही घटमांडणीचा अर्थ भाकितापाशी संपतो असे मानणे घाईचे होईल. त्या वर्तुळात पाऊस, पीक, रोगराई, शत्रू, तिजोरी आणि राजा एकत्र बसतात, आणि यामागे एक स्पष्ट विश्वकल्पना आहे. अन्नापासून प्राणी, पर्जन्यापासून अन्न आणि यज्ञापासून पर्जन्य, अशी जी साखळी भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात येते, आणि राजा धर्माने वागला तर मेघ वेळेवर वर्षतो असे जे महाभारतात पुनःपुन्हा सुचवले जाते, त्यानुसार निसर्गाची व्यवस्था आणि माणसाची नीती या दोन निराळ्या गोष्टी नाहीत. कौटिल्याला मात्र ही जोडणी पुरेशी वाटली नसावी. ‘अर्थशास्त्रा’त शेतीच्या अधिकाऱ्याचे काम सांगताना त्याने अश्मक, अवंती इत्यादी प्रदेशांत किती द्रोण पाऊस पडतो याची मापे दिली आहेत. 2024 साली लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू असल्यामुळे भेंडवळला राजकीय भाकीत वर्तवले गेले नाही, पावसाचे मात्र वर्तवले गेले. आधुनिक राज्याने पान-सुपारीला बोलण्यास मनाई केली आणि ढेकळांना मोकळीक दिली, असे गमतीने म्हणता येईल. पण त्या मनाईने मांडणीच्या तत्त्वज्ञानाचा कणाच काढून घेतला, कारण राजा आणि पाऊस वेगळे काढता येतात हे एकदा मान्य झाले की एकाच्या चिन्हावरून दुसऱ्याविषयी काही बोलण्याचा आधार उरत नाही.

आधुनिक अंदाजाचा मार्गही सरळ नव्हता. 1875 मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला आणि 1886 मध्ये हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फाच्या आधारे पहिला नियमित मोसमी अंदाज दिला; त्यांच्यापुढे 1876-78 च्या भीषण दुष्काळाचा अनुभव होता. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी दूरदूरच्या ठिकाणच्या हवेच्या दाबांतील साहचर्ये शोधता शोधता प्रशांत महासागरावरील दाबाची आंदोलने उजेडात आणली. ब्लॅनफर्डचे बर्फ हेही एक चिन्हच होते. त्याला घटातल्या ढेकळापासून वेगळे करते ती त्याची उपकरणे नव्हेत, तर चुकल्यास सोडून देण्याची तयारी. 2002 साली सामान्य पावसाचा अंदाज असताना देशात सरासरीच्या 81 टक्केच पाऊस पडला, तेव्हा सोळा घटकांवर आधारलेले गणिती प्रारूप बाजूला ठेवले गेले. परंपरेत चुकीला अशी जागा ठेवलेली नसते, आणि परंपरेच्या दीर्घायुष्याचे ते एक कारणही आहे.

मात्र या अंदाजाचीही मर्यादा त्याच्या व्याप्तीतच आहे. एप्रिलमधील अंदाज सगळ्या देशाच्या, चार महिन्यांच्या बेरजेविषयी असतो. 2023 मध्ये विभागाने सरासरीच्या 96 टक्के पावसाचा अंदाज दिला आणि प्रत्यक्षात 94 टक्के पडला, म्हणजे अंदाज जवळपास बरोबर आला. परंतु त्याच वर्षीचा ऑगस्ट 1901 पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि त्याआधी, 22 जुलैला, जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टीने पूर येऊन शेते खरवडली गेली. देशाची सरासरी खरी असून शेत बुडाले, शेत करपले, हे दोन्ही एकाच वर्षात शक्य आहे. शेतकऱ्याचा प्रश्न त्याच्या बांधापुरता असतो, आणि त्या प्रश्नाला बेरजेतून उत्तर मिळत नाही. घटमांडणी त्याला त्याच्या ओळखीच्या धान्यांच्या नावाने उत्तर देते, म्हणून ती ऐकली जाते. उत्तराचा आकार प्रश्नाच्या आकाराला जुळला की ते खरे वाटू लागते, आणि भाकिताची ओढ निव्वळ अज्ञानाच्या खाती टाकणारे विवेचन याच ठिकाणी अपुरे पडते.

दोष कोठे लागतो, हे यावरून ठरवता येते. मीमांसकांनी वेदवाक्यांत विधी आणि अर्थवाद असा भेद केला. विधी म्हणजे काय करावे ते सांगणारे वाक्य, आणि अर्थवाद म्हणजे त्या कर्माकडे मन वळवणारी स्तुती किंवा कथा, जिची सत्यता स्वतंत्रपणे तपासायची नसते. वर्षारंभी गावाने एकत्र येऊन धान्यांची नावे घेणे, ज्यांचा पेरा आता आटत चालला आहे अशा जवस, करडई, अंबाडी यांनाही घटात स्थान देणे, आणि जे आपल्या हाती नाही त्याच्यापुढे रात्रभर शेत मोकळे सोडणे, हा अर्थवादाचा प्रदेश आहे, आणि तेथे प्रमाणाची मागणी करणे अप्रस्तुत ठरते. परंतु जूनमध्ये पाऊस बरा सांगितला म्हणून पहिल्याच सरीवर तिफण धरणे हा विधीचा प्रदेश आहे. कृषी खात्याचा नेहमीचा सल्ला 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल जाईपर्यंत थांबण्याचा असतो, आणि ती ओल घटात नव्हे, ज्याने त्याने आपल्या वावरात माती उकरूनच पाहायची असते. ती पाहिली नाही तर दुबार पेरणीचा खर्च भाकीत सांगणाऱ्यावर पडत नाही.