आधी विश्वास, मग शंका

आपल्याला झालेले ज्ञान खरे आहे हे कशावरून ठरते, हा भारतीय दर्शनांतला फार जुना वाद. मीमांसकांच्या मते ज्ञान मुळातच प्रमाण असते; ते खोटे ठरवायला मात्र कारण लागते. नैयायिकांच्या मते खरेपणाही बाहेरूनच सिद्ध व्हावा लागतो. त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती फळाला आली, तरच ते खरे. ७व्या शतकाच्या सुमारास कुमारिल भट्टाने ‘श्लोकवार्तिका’त पहिला पक्ष मांडला आणि १४व्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने ‘तत्त्वचिंतामणी’त त्याचे खंडन केले. कानापासून मेंदूपर्यंतच्या वाटा आज जेवढ्या उलगडल्या आहेत, त्या पाहता कुमारिलाचे पारडे जड ठरते.

कानाला मेंदूशी जोडणाऱ्या आठव्या मस्तिष्क-मज्जातंतूच्या दोन शाखा आहेत, एक ऐकण्याची आणि दुसरी तोलाची. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला एका मिलिसेकंदाहूनही कमी उशिराने पोचतो, आणि मेंदूच्या बुंध्यातल्या पेशी तेवढ्याशा फरकावरून दिशा ताडतात. तोलाचे काम तर याहून निकडीचे. डोके वळले की आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव मागे रेंगाळतो, पेशींवरचे सूक्ष्म केस वाकतात आणि साधारण १० मिलिसेकंदांत डोळे उलट दिशेला फिरून नजर स्थिर ठेवतात. चालता चालता दुकानाची पाटी वाचता येते ती यामुळेच. इथे पडताळा पाहायला सवडच नाही. कानाने दिलेली वर्दी खरी मानूनच शरीर पुढचे पाऊल टाकते.

ही वर्दी चुकते तेव्हा काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. ते जागचे सुटून नलिकेत शिरले, तर अंथरुणात कुशीवर वळताच खोली गरगर फिरू लागते. कुमारिलाने ज्ञान बाधित होण्याची दोन कारणे सांगितली: विरोधी ज्ञान आणि ज्ञानाच्या साधनातला दोष कळणे. इथे दोन्ही हजर आहेत. पाठीखालचा पलंग जागचा हललेला नसतो, हे विरोधी ज्ञान. आणि नलिकेत कण शिरल्याचे निदान डॉक्टर करतात, तेव्हा कळतो तो साधनाचा दोष. डोके ठरावीक क्रमाने वळवून ते कण बाहेर काढले की बहुतेकांची भोवळ थांबते.

यावर आक्षेप असा, की प्रामाण्य ज्ञानाचे असते, मज्जातंतूतल्या संदेशाचे नव्हे. आक्षेप रास्त आहे. पण ‘खोली फिरते आहे’ ही प्रतीती ज्ञानच आहे, आणि ती कुणाची परवानगी न मागता आधी खरी वाटते. नैयायिक विचारील, ढगात शिरलेल्या वैमानिकाने तोलाच्या जाणिवेवर भरवसा ठेवावा काय? ठेवू नये. संथपणे घेतलेले वळण कानाला कळतच नाही, म्हणून त्याने उपकरणे पाहावीत. पण उपकरणावरचा काटा तो डोळ्यांनीच वाचतो, आणि त्या वाचण्याचाही पडताळा मागितला तर अनवस्था, म्हणजे कधीच न संपणारी मालिका, ओढवते. पडताळ्याची साखळी कुठेतरी सहज विश्वासावरच टेकते.

म्हणून सर्वांवर संशय घेणे ही ज्ञानाची सुरुवात होऊ शकत नाही. विश्वासाने पाऊल टाकावे आणि बाधक पुरावा समोर आला की हट्ट न धरता आपले मत सोडावे. श्रद्धा आणि चिकित्सा यांचा खरा क्रम हाच.