धृती: सिली आउसेमच्या निमित्ताने

साधकहो, धृतीचा विचार करताना आपण बहुधा धरून ठेवण्याच्या बळापाशीच थांबतो. पण गीतेच्या अठराव्या अध्यायात सात्त्विक आणि राजस धृतीच्या जोडीला तामस धृतीही सांगितली आहे, जी भय, शोक, विषाद आणि मद सोडीतच नाही, आणि तिची पकड काही सैल नसते. काय धरले आहे, यावर धृतीची जात ठरते.

या दृष्टीने मला कोलोन शहरात १९०९ साली जन्मलेली, अंगकाठीने लहानशी टेनिसपटू सिली आउसेम पुनःपुन्हा आठवते. पहिल्या महायुद्धानंतर काही वर्षे जर्मन खेळाडूंना बाहेरच्या मोठ्या स्पर्धांची दारे बंद होती, ती उघडल्यावर पुढे आलेल्या पिढीतली ही मुलगी. अमेरिकेचा थोर खेळाडू बिल टिल्डन याने तिच्या खेळाला वळण दिले, आणि १९३० मध्ये पॅरिसच्या फ्रेंच स्पर्धेत मिश्र दुहेरीचे विजेतेपद दोघांनी मिळून जिंकले. त्याच वर्षी विंबल्डनच्या उपांत्य फेरीत, एलिझाबेथ रायनविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ४-४ अशी बरोबरी असताना, ती पडली, घोटा मुरगळला, शुद्ध हरपली आणि तिला कोर्टावरून उचलून न्यावे लागले. शोक आणि भय धरून बसायला याहून सबळ कारण कोणते हवे? त्या दिवसांत तिच्या मनात काय होते ते तीच जाणे. आपल्याला दिसते ते एवढेच, की तिने रॅकेट धरली.

१९३१ मध्ये पॅरिसच्या अंतिम सामन्यात बेटी नथॉलला हरवून ती विंबल्डनला आली आणि अंतिम सामन्यात आपल्याच देशाच्या हिल्डे क्राहविंकेलला ६-२, ७-५ असे नमवून एकेरी जिंकणारी पहिली जर्मन ठरली. त्या काळची अव्वल खेळाडू हेलन विल्स मूडी त्या वर्षी उतरली नव्हती, म्हणून काही जण या यशाला उणे लेखतात, लेखोत. दोघींच्या पायांना फोड आले होते, खेळ नेत्रदीपक झाला नाही, पण धृती नेत्रदीपक कधी असते?

धृतीचा आणखी एक पदर उरतोच, सोडण्याचा. त्याच वर्षी दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यात ती आजारी पडली. खेळात तशी उंची पुन्हा लाभली नाही, तिची आस सोडावी लागली. १९३६ मध्ये एका इटालियन सरदाराशी विवाह करून ती इटलीत राहिली आणि १९६३ साली, अवघ्या चोपन्नाव्या वर्षी, गेली.

आणि हरलेली हिल्डे? विंबल्डनची एकेरी तिला कधीच मिळाली नाही, १९३६ च्या अंतिम सामन्यातही ती हरली. पण पॅरिसला १९३५ पासून लागोपाठ तीन वर्षे तीच जिंकली. १९३१ च्या त्या अंतिम सामन्यातली धृती दोघींची होती, असे मी म्हणतो.