वरचा दोरा, खालचा दोरा (गीता ६.१६-१७)



आज अध्याय सहावा, श्लोक १६ आणि १७. ध्यानाचं आसन कसं असावं, नजर कुठे असावी असं सगळं सांगत असताना भगवान एकदम जेवण आणि झोपेवर येतात. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. मग पुढच्या श्लोकात आहार-विहार, कर्म आणि झोप-जाग यांना एकच शब्द तीनदा लावलाय: युक्त.

याचा अर्थ बहुतेक वेळा 'मध्यम' असा सांगून लोक पुढे जातात. मला तो अपुरा वाटतो. मध्यम म्हटलं की आपण लगेच निम्मं-निम्मं करायला बसतो. निम्मी पोळी, निम्मा जप, निम्मं ऑफिस. पण 'युक्त' आणि 'योग' एकाच धातूतून आलेत, युज् म्हणजे जोडणं. म्हणजे प्रश्न 'किती' एवढाच नाहीये, 'कशाला जोडलंय' हाही आहे. हे मला सर्वात स्पष्ट दिसलं ते चामडं शिवायच्या मशीनवर.

अंबरनाथ पूर्वेला आनंदनगर एमआयडीसीच्या रस्त्यावर सकाळच्या पाळीला उभं राहा. सेफ्टी बूट, वेल्डरचे चामडी हातमोजे, जाड पट्ट्यांच्या बॅगा. शेजारचं उल्हासनगर तर जीन्सच्या शिलाईसाठीच ओळखलं जातं. हे सगळं जाड शिवणकाम आहे, घरच्या मशीनचं काम नव्हे. आणि वेल्डरच्या हातमोज्याची शिवण उसवली तर ठिणगी थेट कातडीवर पडते, तेव्हा टाका नीट बसणं ही तिथे शोभेची गोष्ट नसते.

मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. वरचा दोरा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून. दोघं एकमेकांत अडकतात आणि त्यांची गाठ चामड्याच्या जाडीत, आत लपून बसायला हवी. वरून बघा की खालून, टाका सारखाच दिसला पाहिजे. हे घडवून आणतं ते टेन्शन. वरचा दोरा दोन गोल चकत्यांमधून जातो, त्यांच्यावर स्प्रिंग आणि फिरवायचं बटण. खाली बॉबिन केसवर एक छोटी पट्टी आणि तिचा बारीक स्क्रू. (आपण दिवसभर "टेन्शन नको घेऊस रे" म्हणत असतो. मशीनवर टेन्शन काढून टाकलं तर टाका बसणारच नाही, नुसता गुंता होईल.)

आता गंमत बघा. दोन्ही दोऱ्यांचा ताण सारखा ठेवला की झालं, असं आपल्याला वाटेल. तसं नसतं. वरच्या दोऱ्याला ती गाठ चामड्याच्या भोकातून घासत वर ओढून आणायची असते. चामडं जाड, थर जास्त, तर ओढही जास्त लागते. तेच बटण तसंच ठेवून पातळ चामडं घातलं की गाठ ओढली जाऊन वर दिसायला लागते आणि चामडं चुरगळतं. दोरा जाड केला, सुई बदलली, की पुन्हा हिशोब बदलला. बटणावरचा एखादा आकडा 'बरोबर' आणि बाकीचे चूक, असं काही नाही. आज समोर जे चामडं आहे त्याला जोडून तो आकडा बरोबर ठरतो. 'युक्त' म्हणजे मला हे वाटतं. परीक्षेच्या आदल्या रात्रीची झोप, तान्ह्या बाळाच्या आईची झोप आणि रिटायर झालेल्या काकांची झोप, तिघांची युक्त झोप वेगळी. गीतेत तासांचा आकडा दिलेलाच नाही.

आणि चामड्याची एक गोष्ट कापडात नाही. कापडातून सुई गेली की धागे बाजूला सरकतात, टाका काढला तर थोड्या वेळाने पुन्हा जुळून येतात. चामड्याची सुई त्रिकोणी टोकाची, ती कापत जाते. पडलेलं भोक कायम राहतं. टाके फार जवळ घातले किंवा फार आवळले तर पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग तयार होते आणि चामडं नेमकं शिवणीवरच फाटतं. म्हणजे मजबुतीसाठी घट्ट केलं आणि तिथेच कमकुवत झालं. म्हणून कारागीर आधी त्याच चामड्याच्या तुकड्यावर, तेवढेच थर घेऊन चार टाके घालून बघतो. मग खऱ्या कामाला हात. माणसांच्या बाबतीत आपण हे करत नाही. मुलांवर, जोडीदारावर, ज्युनिअरवर आपण पूर्ण ताणाचा प्रयोग थेट करतो, आणि ती माणसं कापडाची आहेत असं धरून चालतो.

ताणाचा दाखला म्हटला की बुद्ध आणि सोण यांची गोष्ट आठवतेच. चंपानगरीचा सोण कोळिविस, श्रीमंत घरातला, अतिशय नाजूक पायांचा, भिक्खू झाला आणि चालत ध्यान करता करता त्याच्या पायातून रक्त आलं. तरी मन स्थिर होईना, तेव्हा घरी परत जाऊन दानधर्म करावा असं त्याच्या मनात आलं. तो आधी वीणा वाजवायचा. बुद्धांनी त्याला विचारलं, तारा फार ताणल्या तर वाजते का? सैल सोडल्या तर? आणि नीट लावल्या तर? ही गोष्ट इथपर्यंत सगळ्यांना माहीत असते. पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. विनयपिटकातल्या महावग्गात ही कथा ज्या प्रकरणात आहे, त्या प्रकरणाचं नाव चम्मक्खंधक, म्हणजे चामड्याचं प्रकरण! कारण बुद्धांनी सोणाला नुसता उपदेश केला नाही, एकेरी तळाच्या वहाणा वापरायची परवानगीही दिली. सोण म्हणाला, एवढी संपत्ती सोडून आलो आणि आता एकट्याने वहाणा घालू? सगळ्या संघाला परवानगी असेल तरच घालीन. आणि सगळ्या संघाला ती मिळाली.

मला ही कथा वीणेपेक्षा वहाणांसाठी जास्त आवडते. दुखणाऱ्या माणसाला "मन सैल सोड" एवढंच सांगणं सोपं असतं. त्याच्या पायाखाली काय आहे हे बघणं हा उपदेशाचाच भाग आहे, आणि सोय एकट्यासाठी नको हे म्हणणं सोणाच्या साधनेचा.

इथे मी आजच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. ताण बिघडला तर दोष कोणाचा?

मशीनवर याचं उत्तर उलटं असतं. शिवणीच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे सैल फासे, गुंता दिसला की नवशिक्याचा हात लगेच बॉबिनकडे जातो, कारण घाण खाली दिसतेय. पण खाली गुंता म्हणजे बहुतेक वेळा वरचा दोरा सैल आहे. वरच्याने ओढून घ्यायला हवं होतं तेवढं घेतलं नाही, म्हणून सगळं खाली साचलं. जिथे दिसतं तिथे दोष नसतो.

घरात आजारी आजीचं करणारी एकच सून असते. एक दिवस ती सगळ्यांसमोर फाडकन बोलते. सगळं घर म्हणतं, हिचा स्वभावच असा, हिने जरा नामस्मरण करावं. शिवणीची मागची बाजू आहे ती. वर दोन दीर, एक नणंद आणि नवरा, चौघं सैल सुटलेत आणि गुंता तिच्यापाशी दिसतोय. टीममध्येही तेच. रात्रीच्या सपोर्टला बसलेला पोरगा चुकतो, त्याच्या चुकीची मोठी मीटिंग होते. अर्धवट काम पुढे ढकलणाऱ्याची होत नाही. अशा माणसाला 'युक्त आहार-विहार' ऐकवणं म्हणजे बॉबिनचा स्क्रू आवळणं. हा श्लोक दुसऱ्याला ऐकवायचा असेल तर आधी आपण शिवणीच्या कुठल्या बाजूला आहोत ते बघावं, असं माझं मत आहे.

मात्र यावरून 'वरचाच नेहमी दोषी' असा नियम केला तर तोही खोटा. कधी कधी बॉबिन केसमध्ये खरंच दोऱ्याची तूस अडकलेली असते. जाणते कारागीर क्रम पाळतात: आधी दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवायचा, मग सुई बघायची, मग वरचं बटण, आणि बॉबिनचा स्क्रू शेवटी, तोही पाव वळसा. पहिलीच पायरी सर्वात जास्त उपयोगी पडते. पाय खाली टेकवून दोरा ओवला तर चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या आत न बसता कडेवरून जातो. मग बटण कितीही फिरवा, काहीच फरक पडत नाही. पाय उचलला की चकत्या उघडतात आणि दोरा आत जातो.

एक शंका रास्त आहे. अठराव्या अध्यायात भगवान सगळं सोडून एकट्या मला शरण ये म्हणतात, आणि इथे सहाव्यात जेवण-झोप मोजायला सांगतात. संपूर्ण समर्पण आणि मोजमाप एकत्र कसं? मला वाटतं शरणागती हा दोरा कुठून जातो याचा प्रश्न आहे आणि 'युक्त' हा त्याच्यावर ताण किती याचा. दोरा वाटेतल्या सगळ्या कड्यांतून जायलाच हवा, एक कडी चुकवून चालत नाही, तिथे अर्धंमुर्धं नाहीच. ताण मात्र समोरचं चामडं बघून. जपाच्या ॲपमध्ये सलग दिवसांचा आकडा वाढवत बसणाऱ्या आपल्या पिढीने (मी मोजणीच्या विरोधात नाही, माझं पोटच त्यावर आहे) बटण फिरवण्याआधी दोरा चकत्यांच्या आत आहे का हे बघायला हरकत नाही.

रोहिदास चामड्याचं काम करत होते, नामदेव शिंप्याच्या घरातले. दोघांचाही दोऱ्याशी रोजचा संबंध, आणि दोघांनीही भक्तीसाठी धंदा हलका मानला नाही. आमच्या अंबरनाथच्या शिवमंदिरात, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेल्या त्या देवळात, दर्शनाला पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावं लागतं. श्रावणी सोमवारी त्या रांगेत सेफ्टी बूट बाहेर काढून ठेवलेले दिसले, तर एखादा उलटा करून शिवण जरूर बघा. मालकाला विचारून.

उद्या श्लोक १८. तिथे 'युक्त' पुन्हा येतो, पण या वेळी आहाराबद्दल नाही, माणसाबद्दल.

राम कृष्ण हरी.