इमान कोणाशी?

खावंदाचे मीठ खाल्ले म्हणून त्याचा प्रत्येक हुकूम शिरसावंद्य मानावा काय, हा कुरुसभेतला विकट प्रश्न, माजिवड्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या बिऱ्हाडी किंजी फुकासाकू यांचा ‘बॅटल्स विदाऊट ऑनर अँड ह्युमॅनिटी’ हा १९७३ चा जपानी चित्रपट पाहताना पुन्हा उभा राहिला. हिरोशिमाजवळील कुरे शहरात, महायुद्धोत्तर काळ्या बाजारावर पोसलेल्या टोळीतला शोझो हिरोनो धन्यासाठी तुरुंगवास पत्करतो. आणि अखेरीस, मित्राचा घात करणारेच त्याच्या अंत्यविधीला साळसूदपणे हजर झालेले पाहून पिस्तूल काढतो व वेदीवर मांडलेल्या सरंजामावर गोळ्या झाडतो. माणसांवर एकही नाही!

आमचा भिकू म्हात्रे अधिक भाबडा. ‘सत्या’ (१९९८) मध्ये ज्या पुढारी भाऊवर त्याने विश्वास टाकला, त्यानेच निवडणूक जिंकताच त्याचा काटा काढला. त्याचा सूड सत्याने उगवला तो गणेशविसर्जनाच्या गर्दीत. दोन्हीकडे हिशेब चुकते व्हावेत ते धर्मकृत्याच्या ऐन वेळी, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

पुन्हा कुरुसभेकडे वळू. दुर्योधनाचा भाऊ विकर्ण याने भरसभेत द्रौपदीची बाजू मांडली, तरीही कौरवांकडूनच लढून तो भीमाच्या हातून मेला. त्याचा सावत्रभाऊ युयुत्सू याने युद्धारंभी कौरवांचा पक्ष सोडला आणि तो जगला. लोकांनी पहिल्याला निष्ठावंत म्हटले, दुसऱ्याला (वैश्य मातेचा पुत्र म्हणूनही असेल) विस्मृतीत टाकले. माझ्या मते युयुत्सूच इमानी. महाप्रस्थानास निघताना युधिष्ठिराने परीक्षिताच्या राज्याची देखरेख सोपविली, ती त्याच्यावरच.