नखरा नव्हता तो

सकाळी दूध वर येऊ लागलं की मला आईचा चेहरा आठवतो. तिला दूध बाधायचं. पोट डब्ब व्हायचं, गुडगुडायचं, तासाभरात धावाधाव. घरात कुणी ते खरं मानलं नाही. हाडांसाठी म्हणून रोज रात्री पेला तिच्या हातात देणारी मीच. ‘सवयीनं सोसेल गं,’ म्हणायचे. तिनं निमूटपणे प्यायलेले ते पेले अजून मनाला टोचतात.

तिच्या शरीरात बिघडलं काहीच नव्हतं. तान्ह्या बाळाच्या लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर भरपूर असतं. दुधातल्या साखरेचे ते ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे करतं, तेव्हाच ती रक्तात जाते. अंगावरचं पिणं सुटल्यावर बहुतेकांत ते ओसरतं. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांचं असंच असतं. मग न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि वायू धरतो. मोठेपणीही दूध पचणं हाच खरा अपवाद. गुरं पाळणाऱ्या समाजांत हजारो वर्षांत रुजलेला जनुकातला तो बदल आहे.

हे सगळं कळल्यावर मी आईसाठी लॅक्टेजची गोळी आणली, अर्थात डॉक्टरांना विचारूनच. दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असेल तर ती कामाची नाही. जपानात सोया सॉस ज्या बुरशीनं आंबवतात, तिच्यापासूनही हे विकर काढतात. गोळी पहिल्या घोटाबरोबरच घ्यायची. तासाभरानं घेतली तर दूध पुढे निघून गेलेलं असतं. शरीर तिच्याकडून काही शिकत नाही, दर वेळी नव्यानं घ्यावी लागते.

आमच्या विरजणातही हीच युक्ती आहे. दह्यातले जिवाणू काही साखर आधीच संपवतात आणि आपलं विकर बरोबर घेऊन पोटात उतरतात. दूध टाळून आई ताकभात मागायची, त्याला आम्ही नखरा म्हटलं होतं.

गेल्या कोजागिरीला गच्चीवर आटवलेलं दूध होतं, म्हणजे साखरही दाट झालेली. आईनं गोळी तोंडात टाकली, घोट घेतला, जरा थांबली. ‘वेलदोडा जास्त झालाय,’ म्हणाली आणि रात्री उशिरा, पोट शांत आहे अशी खात्री झाल्यावर, आणखी अर्धा पेला मागितला.