दात्याचे घर

पुणे-नगर रस्त्यावरील सणसवाडीस कारखाने आले, तेव्हापासून वडिलार्जित जमिनीला तेथे रोकडीचे मोल चढले. अशा ठिकाणी एखाद्या गृहस्थाने परोपकारार्थ हात सैल सोडला, तर मुलांच्या तोंडचा घास काढल्याचा आरोप त्याजवर यावयाचाच. हा आरोप सदैव क्षुद्रच असतो काय?

याच जिल्ह्यात १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी अनाथबालिकाश्रम काढला. आपल्या आयुर्विम्याची ५,००० रुपयांची पॉलिसीही त्यांनी आश्रमास देऊन टाकली. आपण या त्यागापुढे मान लववितो आणि पुढे चालू लागतो. परंतु त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांचे ‘माझे पुराण’ (१९४४) अवश्य वाचावे. त्या स्वतः बालविधवा होत्या. अनाथांचे दुःख त्यांना कोणी शिकवावयास नको होते. तरीही पतीच्या औदार्यापायी घरात पडणारी ओढ त्यांनी झाकून ठेविली नाही. संसारास हातभार लागावा म्हणून त्या सुईणीचे काम शिकल्या. त्यांची कुरकुर मला तरी अनुदार वाटत नाही. दाता म्हणून नाव एकाचे झाले. दान मात्र सबंध घराकडून घडत होते, आणि मुलांची संमती तर कोणी विचारलीच नव्हती!

त्या मुलांपैकी भास्कर पुढे हिंगण्याच्या त्याच संस्थेत काम करू लागले.